आमची पेपर कँडिडेट

फिंतास, कुवेत
शुक्रवार, जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकून

माननीय उमेदवार आणि माझी धाकटी बहीण रबिया हिला अकबरभाईचा सलाम, दुआ आणि (आयुष्यात पहिल्यांदाच) आदाब.

धाकट्यांना 'चि.' लिहावं आणि थोरांना 'ती.' लिहावं, हे मोरेश्वर गुरुजींनी छडी हातात घेऊन शिकवलं होतं. पण जिला परमुलखातल्या एक हजार एकशे चौदा माणसांनी मत दिलं अशा धाकट्या बहिणीला काय लिहावं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मायना मी माझ्या जबाबदारीवर लिहिला आहे. तुझा गुडघा कसा आहे? फैसलमियांची साखर काय म्हणते? आम्ही इथे मजेत आहोत. उन्हाळा लागला आहे, म्हणजे नळाचं थंड पाणी गरम आणि गरम पाणी त्याहून गरम यायला लागलं आहे, आणि आम्ही रिवाजाप्रमाणे गीझर बंद करून त्यातलंच पाणी थंड म्हणून वापरतो. अफ्रीन सलाम सांगते. रिदा आपल्या आत्याला 'हाय फुपू' सांगते आणि पुन्हा फोनमध्ये बघते.

फोन न करता पत्र लिहिण्याची कारणं दोन. एक म्हणजे फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. दुसरं म्हणजे मराठी वाचता येणारं तुझ्या घरात तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि या पत्राच्या बाबतीत ही फार सोयीची गोष्ट आहे. (का, ते पुढे येईल. लगेच शेवटचं पान उलटू नकोस. लहानपणापासून तुला ती खोड आहे.) सेंटरच्या स्कॅनरवर घालून पाठवतो, म्हणजे रविवारच्या आत तुला मिळेल. रविवारी तू पक्षाच्या लोकांना 'मी पुन्हा उभी राहणार नाही' असं कळवणार आहेस. परवा एवढं सांगून तू फोन ठेवलास. त्यावर मला जे म्हणायचं होतं ते आता सविस्तर म्हणतो.

जानेवारीत तू सांगितलंस की कॉव्हेंट्रीच्या कौन्सिलच्या निवडणुकीत पक्षानं तुला 'पेपर कँडिडेट' केलं आहे, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता ते आठव. तो आनंद गैरसमजातून झाला होता, हे आता सांगायला हरकत नाही. गेली तीस वर्षं मी हवल्लीच्या टायपिंग सेंटरमध्ये बसून लोकांचे अरबी फॉर्म भरतो. कुणाचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, कुणाचं लायसन्स, कुणाच्या बायकोचा व्हिसा. ज्याचे पेपर पूर्ण तो माणूस आणि बाकीचे रांगेत, हे मी रोज बघतो. तेव्हा मला वाटलं की अख्ख्या वॉर्डात पेपर बिनचूक निघाले ते फक्त माझ्या बहिणीचे, आणि म्हणून तिला ही पदवी मिळाली. मी फिंतासमधल्या यच्चयावत कोकणी मंडळींना गाठून सांगितलं, की नुसती कँडिडेट नव्हे, पेपर कँडिडेट! लोक एवढे दबले की दोघांनी त्याच आठवड्यात लंडनच्या व्हिसाच्या फायली माझ्याकडे आणून दिल्या. (त्या अजून कपाटात आहेत. त्यांना काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही.) शेवटी रिदानं माझं विमान जमिनीवर उतरवलं. पेपर कँडिडेट म्हणजे जिथे पक्ष निवडून यायची सुतराम शक्यता नाही, तिथे जागा रिकामी दिसू नये म्हणून नुसतं लिहिलेलं नाव. त्यानं घरी बसावं अशी अपेक्षा असते.

माझा खरा अभिमान तिथून सुरू झाला. कारण हे सगळं तुलाही पक्षाच्या लोकांनी नीट समजावून सांगितलं होतं, आणि तू त्यांना म्हणालीस, "कागदावर नाव माझं आहे ना? मग मी घरी कशी बसू?" समोर कोण, तर बावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेले कौन्सिलर. तुझ्याकडे काय, तर दुखरा गुडघा, शाळेच्या स्वयंपाकघरातली अडीच वाजता सुटणारी नोकरी आणि एकच मागणी, की शाळेसमोरच्या रस्त्यावर मुलांना ओलांडायला पट्टे हवेत. चार महिने तू वॉर्डातलं एकेक दार वाजवलंस. तिथल्या दारांच्या टपालाच्या फटीत आतून ब्रश बसवलेले असतात आणि पत्रक सरकवताना ते बोटांची सालं काढतात, हे मला तुझ्यामुळे कळलं. एका घरातल्या कुत्र्यानं पत्रकाबरोबर तुझ्या हातमोज्याचं टोकही ठेवून घेतलं. तो एक म्हातारा इंग्रज, ज्यानं चार वेळा तुझ्या तोंडावर दार लावलं, त्याच्याकडे तू पाचव्यांदा गेलीस. (मी पहिल्या दारालाच माघारी आलो असतो आणि गुडघ्याचं कारण दिलं असतं.) पाचव्या खेपेला तो चाळीस मिनिटं कचऱ्याच्या डब्यावर बोलला, मत आपण दुसऱ्यालाच देणार हे स्पष्ट सांगितलं, आणि तुला परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी दिली. त्याचा तू मुरंबा केलास आणि अर्धी बरणी त्याला नेऊन दिलीस. हे ऐकून अफ्रीन म्हणाली, "ही बाई निवडून नाही आली तर त्या शहराचं नुकसान आहे." माझ्या बायकोनं माझ्या नातेवाइकांबद्दल एवढं चांगलं बोलल्याची ही एकच नोंद माझ्याकडे आहे.

मी वीस वर्षांचा असताना इथे आलो, त्याला चौतीस वर्षं झाली. गावात मतदान असतं तेव्हा मी इथे असतो आणि इथे मतदान असतं तेव्हा मी परका असतो. मतपत्रिका मी जन्मात हातात धरलेली नाही. त्यामुळे आपल्या घरातलं एक नाव मतपत्रिकेवर छापलं गेलं, आणि ज्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं अशा माणसांनी त्याच्यासमोर फुली मारली, याचं मला काय वाटलं ते तुला सांगून कळणार नाही. तू पाठवलेला फोटो मी सेंटरमध्ये मोठा करून छापला आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. हे खरं सांगतो, गंमत नाही.

आणि मग ती मोजणी. त्यांना एक हजार एकशे वीस, तुला एक हजार एकशे चौदा. सहा मतं! पेपर कँडिडेटनं बावीस वर्षांच्या कौन्सिलरला सहा मतांवर आणून सोडलं. आणि बाजूला काढलेल्या नऊ मतपत्रिका. निवडणूक अधिकाऱ्यानं त्या दोन्ही बाजूंना एकेक करून दाखवल्या. नऊच्या नऊ ठिकाणी तुझ्या नावासमोर स्वच्छ फुली, आणि खाली मतदाराचं नाव आणि सही. मत कुणाचं ते ओळखू आलं की मत बाद, हा तिथला नियम. तुझा एजंट भांडायला उठला, तर तूच त्याला बसवलंस. "नियम बरोबर आहे, बाजूला ठेवा," म्हणालीस, आणि जाऊन त्या कौन्सिलरांशी हात मिळवलास. ते नऊ जण कोण, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "भाईजान, मतदान गुप्त असतं." तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचून पोट भरणाऱ्या माणसाला त्या वाक्यानं लाज वाटली.

पण रबिया, त्यानंतर तू जे बोललीस ते मला पटलेलं नाही. तू म्हणालीस की ती सगळी आपलीच वडीलधारी माणसं आहेत. तुला तोंडावर 'नाही' म्हणवेना, म्हणून त्यांनी मत द्यायचं तर दिलं, पण मोजलं जाणार नाही अशा बेतानं. बाईमाणसानं दारोदार फिरणं त्यांना रुचलं नव्हतं, तेव्हा तुझं मनही राखलं आणि मतही वाचवलं. "परक्यांनी दार लावलं ते चाललं भाईजान, पण आता आपल्या माणसांचं दार वाजवायला माझा हात उचलत नाही," असं म्हणालीस. गुप्ततेचा नियम पाळायचा म्हणून तू त्यांना काही विचारतही नाहीस. नुसती मनाशी कुढतेस. तुझा हा तर्क साफ चुकीचा आहे. अत्यंत विश्वसनीय सूत्रांकडून मला तशी खात्रीलायक माहिती मिळाली आहे. सूत्रांचं नाव सांगता येत नाही. तेव्हा मनातलं काढून टाक आणि रविवारी 'हो' म्हण. फैसलमियांना सलाम, मुलांना दुआ. गुडघ्याला ओव्याचा शेक दे.

तुझा,
अकबरभाई

ता. क. – पत्र पाकिटात घालायचं नसलं तरी (स्कॅन करायचं आहे) इथे थांबावं असं ठरवलं होतं. पण अफ्रीननं वाचलं आणि विचारलं, "सूत्र कोण ते लिहिलंत का?" लिहितो. सूत्र मी आहे. ते नऊ जण कोण हे मी तुला पुन्हा विचारणार नाही, कारण मला ते माहीत आहेत. त्यांना मीच फोन केले होते.

झालं असं, की तू दमून जातेस, तेव्हा आपल्या गावची जी वडीलधारी मंडळी तुझ्या वॉर्डात आहेत, ज्यांनी आजवर कधी मत दिलं नाही, त्यांची बाजू मी इथून सांभाळावी असं मी ठरवलं. तुला न सांगता, कारण तू वाक्य पुरं करू देत नाहीस. त्यांच्यापैकी निम्म्यांचे पहिले पासपोर्ट आपल्या अब्बांनी भरून दिले होते, त्यामुळे कागदाच्या बाबतीत आपल्या घराचा शब्द त्यांच्याकडे शेवटचा. त्यांनी ऐकलेलं सांगितलं की दारात ओळखपत्र बघतात आणि आत पेन्सिलीनं फुली मारायची असते. सरकारी कागदावर पेन्सिल! मला धक्काच बसला. मी म्हणालो, निळं पेन घरून न्या. नुसती फुली काय, फुली तर कोणीही मारेल. ओळखपत्र बघतात म्हणजे नाव हवंच. खाली पूर्ण नाव लिहा आणि सही करा. इथे सही आणि शिक्का नसेल तर कागद खिडकीतून परत येतो. (शिक्क्याला इथे खतम म्हणतात, आणि तो नसेल तर काम खतम.) शिक्का तुमच्याकडे नसणार, त्याला इलाज नाही, पण सहीत कसूर नको. नऊच्या नऊ जणांनी माझं ऐकलं. माझ्या घरात माझं इतकं कोणी ऐकत नाही. मतदानाच्या संध्याकाळी मी रिदाला मोठ्या ऐटीत सांगितलं की फुपूच्या नऊ फायली मी पूर्ण केल्या. तिनं फोन खाली ठेवला (यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळख) आणि म्हणाली, "अब्बा, इट्स अ सीक्रेट बॅलट!" तेव्हापासून मला जेवण गेलेलं नाही. म्हणजे जातं, पण चव लागत नाही.

तेव्हा तुला आपल्या माणसांनी पाडलेलं नाही. आपल्या माणसांनी तुझ्यासाठी पहिल्यांदा मत दिलं, आणि ते पक्कं व्हावं म्हणून खाली नाव घातलं. पाडलं ते मी. तुझी नऊ मतं, तुझी खुर्ची, शाळेसमोरचे पट्टे, सगळं माझ्या माथी आहे. मला माफ कर. हे फोनवर मला सांगता आलं नसतं, तू बोलू दिलं असतंस तरी.

ता. क. २ – एक विनंती आहे. चूक माझी होती हे त्या मंडळींना कळू देऊ नकोस. कागदाच्या बाबतीत आपल्या घराचा शब्द शेवटचा, एवढी एकच इभ्रत माझ्याकडे उरली आहे. नियम बदलला, असं काहीतरी सांग.

ता. क. ३ – वरची विनंती रद्द समज. आत्ता त्या नऊ जणांतल्या अदिबा खालाचा फोन आला होता. आपलं मत आपण कुणालाही सांगावं, त्याला बंदी नाही, म्हणून तिनं सांगितलेलं मी लिहितो. तुला माहीत असेलच, खाला अठ्ठ्याहत्तर वर्षं अंगठाच लावत आली. मी सही हवी म्हटल्यावर तिनं नातीकडून आपलं नाव लिहून घेतलं, आणि अकरा दिवस बिस्किटाच्या खोक्यांच्या पाठीवर सराव केला. "अकबर, रबियानं माजी सय बगली काय रे? पयलीच व्हती माजी," असं तिनं विचारलं. तू हरलीस हे तिला ठाऊक आहे. का, ते ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे सय फुकट गेली?"

रिदानं माझ्या हातातून फोन घेतला आणि मोडक्यातोडक्या कोकणीत तिला समजावलं, की उमेदवारी अर्जावर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात, एक सूचक आणि एक अनुमोदक. तिथे सही केली नाही तर अर्जच बाद. खालानं हे तीनदा वदवून घेतलं.

सूचक म्हणून ती तयार आहे. रविवारी संध्याकाळी ती पेन घेऊन तुझ्याकडे येते आहे. तेव्हा घरी राहा.