तारीख विचारणारं यंत्र

गुरुवार, १२ फेब्रुवारी
(ही खरी तारीख.)

प्रिय धाकटोबा,

"माझ्याच दुकानात बसून हे मला चूक म्हणणार?" आईचं हे वाक्य आठवतं का रे तुला?

तू कॉलेजात होतास. कुठून तरी जुना कॉम्प्युटर आणलास आणि गिऱ्हाइकांची मापं ठेवायला स्वतः प्रोग्राम लिहिलास. पहिल्याच सकाळी आईने तारीख घालताना महिना चुकवला, आणि पडद्यावर तुझ्या त्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, हिरवंगार उमटलं, 'तारीख चुकली'. समोर गिऱ्हाईक उभं. आईने गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. "काढ ते. आत्ताच्या आत्ता." तू धुसफुसत काढलंस आणि म्हणालास, "घे. आता काहीही लिही, हो म्हणेल बापडं."

ते अजून हो म्हणतं. त्याविषयीच लिहायचंय, पण आधी खुशाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. गणवेशांची गर्दी सरली, सध्या दुरुस्त्या आणि कोटांची अस्तरं. शिलाई मशीनचा पट्टा बदलला. माझा चष्म्याचा नंबर वाढलाय, सुईत दोरा ओवताना मी आता आईसारखीच जीभ बाहेर काढते. हस हवं तर.

तू पाठवलेला नवा कॉम्प्युटर पोचला. दिसायला देखणा आहे. फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "लावला" म्हणाले. लावला होता हे खरं, आणि आता तो परत खोक्यात आहे हेही खरं. शनिवारी जुना न्यायला माणूस पाठवतोयस, म्हणून आज लिहिणं भाग आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

"ताई, भंगार आहे ते. माझ्या मनगटावरच्या घड्याळाला त्याच्यापेक्षा जास्त अक्कल आहे," म्हणालास. असेल. पण भंगार म्हणजे जे चालत नाही ते ना? हा चालतो. पडद्यावर अक्षरं यायला वेळ लागतो, तेवढ्यात मी दुकान झाडून घेते. शाळेने त्याच जातीचे दोन टाकून दिले, ते मी रिक्षात घालून आणले आणि माळ्यावर ठेवले. एकाचा कीबोर्ड याला बसवला, दुसऱ्याचा पंखा. पलीकडचे रेडिओवाले काका सुटलेल्या तारांचं झाळकाम करून देतात आणि दर वेळी म्हणतात, "बाई, हा आपल्या दोघांना पोचवून जाणार."

आतली घड्याळाची बॅटरी गळायला लागली तेव्हा ती मीच काढून टाकली, नाहीतर आतली सगळी सर्किटची पाटी खाल्ली असती तिने. तेव्हापासून बंद केला की त्याला आजचा दिवस आठवत नाही. रोज सकाळी विचारतो. आणि आई सांगते.

इथवर मी सहज लिहिलं. पुढचं जड जातंय.

आई तारीख सांगते, पण आजची नाही. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल मात्र तू कॉलेजात होतास तेव्हाचं. मला वाटलं, बोट चुकलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही. फोनवर मी तुला "जरा विसरते" म्हणत आले. जरा नाही रे. कधी कधी मला "बाई, काय शिवायचंय?" विचारते.

पण त्या यंत्रासमोर बसली की तिची बोटं शहाणी असतात. तारीख घालते, गिऱ्हाइकाचं माप काढते, खडू घेऊन कापडावर बाही आखते. ती बाही अजूनही माझ्यापेक्षा सरस. बँकेतल्या बाई परवा कोट उसवून घ्यायला आल्या होत्या. आई पडद्याकडे बघून म्हणाली, "तुमची कंबर एवढी नव्हती हो." बाई हसत म्हणाल्या, "नव्हतीच!" आणि आईसुद्धा हसली. तासभर ती आपली आई होती.

आता नव्या कॉम्प्युटरचं. तुझा मान राखायला म्हणून जुना बाजूला सरकवला आणि नवा तिच्यापुढे मांडला. त्याने तारीख विचारली नाही. त्याला माहीत होती. कोपऱ्यात स्वतःच लिहून बसला होता. आई त्या आकड्यांकडे बघत राहिली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "एवढं साल? मग हे कुठे आहेत?"

मी काय सांगणार? बाबांना जाऊन किती काळ लोटला ते मी सांगितलं. धाकटोबा, ती त्याच क्षणी विधवा झाल्यासारखी रडली. मला म्हणाली, "मला कोणी कळवलं कसं नाही?" संध्याकाळपर्यंत विसरली. मला मात्र विसरता येत नाही. म्हणून तो खोक्यात आहे.

तुला हे आधीच सांगायला हवं होतं. पण मागच्या खेपेला तू आम्हाला दोघींना तुझ्याकडे न्यायचं म्हणालास, मी नाही म्हणाले, आणि तू "मग राहा त्या भंगारात" म्हणून बॅग उचललीस. त्यानंतर आईच्या विसरण्याचं तुला सांगणं म्हणजे हार मानणं वाटत होतं. शिवाय ज्याला सांगायचं तो लगेच उपाय काढणार, हीही भीती.

तर शनिवारी माणूस नको पाठवूस. तू ये. प्रोग्रामची फ्लॉपी आता दोनदा वाचली जाते, तिसऱ्यांदा नुसती करकरते. काका म्हणतात, "यंत्राचं मी बघेन, पण आतलं लिखाण ज्याचं त्यानेच सोडवावं." माळ्यावरच्यांपैकी एकावर ते उतरवून ठेव. तुला अर्ध्या दिवसाचं काम.

खरं मागणं वेगळंच आहे. तू दारात आलास की आई विचारणार, "आलास का कॉलेजातून?" रोज विचारते ती, माझ्या पाठीमागे बघून. आणि मग म्हणेल, "हे यायच्या आत हातपाय धुऊन घे."

तेव्हा "हो" म्हण. एवढंच. साल सांगू नकोस, बाबांचं सांगू नकोस, हातपाय धू आणि तिच्याशेजारच्या स्टुलावर बस.

दुसऱ्यांच्या प्रोग्रामातल्या चुका शोधणं ही तुझी नोकरी, आणि चूक दिसली की तुझ्याच्याने गप्प बसवत नाही. "मी आईशी खोटं बोलणार नाही, ताई," असं तू म्हणशील. ते वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय, तुझ्या त्या शांत आवाजात. तरी मागून बघते. एकदा तिने सांगितलं आणि तू ते 'तारीख चुकली' काढलं होतंस.

या वेळी मी सांगतेय. काढशील?

उद्या सकाळी पुन्हा तारीख सांगायला तिला उठवणारी,
तुझी ताई