शिवणक्लासच्या नावाखाली

१८ नोव्हेंबर
आज फळ्यासमोर उभी राहिले! मी, मुबीना, दोन पोरांची आई — आणि समोर नववी-दहावीची मुलं.

कुमुदबाईंचा नियमच तसा. रिटायर्ड शिक्षिका, एसटी स्टँडमागे घरीच क्लास घेतात. एक गोष्ट एकदाच सांगतात. ज्याला आधी कळली, त्याने उठून बाकीच्यांना सांगायची. पार्टिसिपल कुणालाच कळेना. मला कळलं. हात वर केला आणि खडू उचलला.

म्हटलं, बॉइलिंग मिल्क म्हणजे उकळतं दूध. ते प्रेझेंट पार्टिसिपल. काम चालू आहे, गॅसपासून हलायचं नाही. बॉइल्ड मिल्क म्हणजे उकळलेलं दूध. ते पास्ट पार्टिसिपल. काम झालं, आता खुशाल माहेरी फोन लावा. मुलं हसली, पण नंतर एकाचंही चुकलं नाही. बाई म्हणाल्या, "मुबीना, इतकी वर्षं मी उगाच खडू झिजवला."

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१९ नोव्हेंबर
पण घरी सांगणार कुणाला? सगळ्यांना वाटतं मी शिवणक्लासला जाते. यासीन मस्कतला. फोनवर एकदा विचारलं होतं, बाहेरून दहावीला बसू का? "या वयात? लोक हसतील. अम्मीला विचार." अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, हव्वाबी. विचारलं तेव्हा तांदूळ निवडत होत्या. चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणं म्हणजे नकार, हे मला लग्नापासून ठाऊक. म्हणून शिवणक्लास. कळलं तर क्लास बंद, परीक्षाही बंद.

३ डिसेंबर
अम्मींचं नवीनच. मी निघाले की हाक — "अगो, चार सुया ओवून ठेव. माझ्या डोळ्यांना दिसत नाय." बटणं तुटतात म्हणे. एका म्हातारीची बटणं इतकी कशी तुटतात?

२१ डिसेंबर
क्रियापदांची तिसरी रूपं. टेअर, टोअर, टॉर्न. सो, सोड, सोन — म्हणजे शिवणे! शिवणक्लासच्या नावाखाली हे पाठ करतेय. भांडी घासताना हसू आवरेना. अम्मींनी वर पाहिलं, परत मान खाली.

२३ फेब्रुवारी
इंग्रजीचा पेपर. घरी सांगितलं, शिवणाची परीक्षा आहे. अम्मी एवढंच म्हणाल्या, "नीट शिव."

रोजा होता, घसा कोरडा. पलीकडच्या बाकावरची मुलगी मला म्हणाली, "मॅडम, पुरवणी मिळेल?" म्हटलं, बाळा, मलाही हवीय. पार्टिसिपलचा प्रश्न आला आणि मी मनातल्या मनात दूध गॅसवर ठेवलं. सगळं लिहिलं. एकही जागा कोरी सोडली नाही.

१३ मे
पास! इंग्रजीत एकसष्ट. मोबाइल बंद करून पुन्हा उघडून बघितलं, तरी एकसष्टच.

बाई म्हणतात, जूनपासून पाचवीच्या मुलांचा वर्ग तू घे. मी! आता सांगायलाच हवं. एवढं मोठं सुख गिळून किती दिवस बसू? बकरी ईदला यासीन येतायत. तेव्हा सांगेन. नाही म्हणाले तर... तर काय, माहीत नाही. मार्क तर कुणी काढून घेत नाही ना.

२७ मे
बकरी ईद. उरणहून नणंद आली. तिच्या लेकीच्या अंगात पिवळा फ्रॉक, गळ्याला हिरवी नक्षी. म्हणते, "भाभी, काय बारीक टाके! मशीन नाही वापरली, हे कुणाला पटत नाही. आणि अम्मीने पाठवलेली ती दुपटी पण तुमचीच ना?"

यासीन कौतुकाने माझ्याकडे बघत होते. "क्लासचा फायदा झाला हां." मी आजवर एक टाका घातलेला नाही. अम्मी शांतपणे शीरखुर्मा वाढत होत्या. मी वाट्या पुढे सरकवत राहिले; सांगायचं राहूनच गेलं.

२८ मे
सकाळी स्वयंपाकघरात अम्मींनी गाठलं. "बगतेस काय? रोज शिवणाला जातेस नि घरात एक चिंधी नाय. लोक विचारणार नाय? कोणीतरी शिवायला नको?" मग हळूच, "पास झालीस ना?"

आणि त्यांच्या सगळ्या सुया मीच ओवून देत होते.