पोटातला गोळा

माय, तू घातलेल्या शपथेत मी आज पार अडकून पडले आहे, म्हणून तुझ्याशीच भांडायला बसले.

अकोल्याच्या दवाखान्यातून आपण परत आलो तो दिवस. स्वयंपाकघराचं दार लोटून तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवतेस. "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हाय हे तुया दादाले सांगशीन, तर मायं मेलेलं तोंड पाहशीन. पोटात गोळा हाय म्हन." लेकाला असलं कसं सांगायचं, एवढीच तुझी लाज. मी गावभर गोळाच सांगितला, तू गेल्यावरही.

आता मी गावची आशाताई. त्याच आजारावर चौदा वर्षांच्या पोरींसाठी नवी लस आली आहे. दारोदार फिरते. बाया विचारतात, "लगनाआधी कावून? पोरीत काई खोट हाय का?" कोणी म्हणते, पुढे मूल होणार नाही. समजावलं की हळूहळू ऐकतात. ऐकली नाही ती आपलीच वहिनी. संत्र्याच्या बागेतून आली आणि हात न धुताच म्हणाली, "आपल्या घरात कोणाले झालता का असा आजार? मंग मायाच पोरीले कावून?" तुझी नात दारात उभी होती, थेट तुझंच कपाळ. खरं ते घशापर्यंत आलं आणि तुझं डोकं पुन्हा माझ्या हाताखाली आलं. संताप आला तुझा, माय, खरंच आला.

आणि मी काय बोलून गेले! "मले हाय, वहिनी. डॉक्टरले शंका हाय."

वहिनीनं पोरीला जवळ ओढलं आणि लसीला हो म्हणाली. आज सकाळी पोरीला लस दिली. दंड चोळत ती शाळेत गेली. पण वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारी दादा आला, डोळे लाल. "पिशवीच्या तोंडाचा हाय ना? लाजू नको बाई, मी हावो. उद्या अमरावतीले चाल, तपासून घेऊ." त्यानं आजाराचं नाव सरळ घेतलं, माय. ज्याच्यापासून तू लपवलंस, त्यानं.

आता नाही म्हणू तर खोटी पडते, खरं सांगू तर तुझी शपथ मोडते. सकाळी सातची गाडी आहे. हा कागद लसीच्या यादीच्या वहीत ठेवून देते. एक मात्र तुला सांगायचंच आहे. गावातल्या एकेका बाईला मी तपासणीला पाठवलं, पण तू गेल्यापासून स्वतः कधीच गेले नाही.