खांद्याचा भूगोल

डमडम, मार्गशीर्षातला बुधवार, १९५४

आज पुनश्च एस्प्लनेडची तीर्थयात्रा. सौभाग्यवतींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही; स्वतःचा अंबाडा घालता येत नाही, हे त्यांचे खरे दुःख. आणि या महानगरातले यच्चयावत् खासगी फिजिओथेरपिस्ट एस्प्लनेडच्या चार गल्ल्यांत गालिचे अंथरून, मांडीला मांडी लावून विराजमान! डमडमला एक नाही. खिदिरपूरच्या गोदीत हमाल जन्मभर पोती वाहतात, तिथेही नाही. स्नायू झिजतात तिथे शून्य, खुर्चीत विसावतात तिथे कुंभमेळा. हे शास्त्र म्हणावे की दुकानदारी? धन्य ते धन्वंतरीचे वंशज!

तिथल्या एका दवाखान्यातल्या बंगाली मदतनीस बाईंना सौ. कळकळीने सांगत होत्या, "खांदा, खांदा!" बाई विरघळल्या. "काँदबेन ना, बौदी!" म्हणजे, रडू नका, वहिनी! बंगालीत 'काँदा' म्हणजे रडणे. अखेर मी खांद्यावर बोट ठेवले, तेव्हा विजेचा शेक मिळाला. हात कानापर्यंत गेला. "उद्या अंबाडा मीच घालीन," सौ. म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा नव्हती. दांडी धरून गचके खात डमडम येईतो शेकाचे सारे पुण्य क्षीण झाले. उतरताना त्या खरोखरच रडत होत्या. आता बाईंचे बंगाली अचूक ठरले.

घरी अंबाडा मीच घातला. आरशात पाहून सौ. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, हा अंबाडा नव्हे, कांदा आहे."

डमडममधील एकमेव खासगी चिकित्सकास लाभलेला हा पहिला अभिप्राय.