पोडावरची सभा

१८ मार्च
झरी जामणीत वनरक्षक म्हणून येऊन महिना झाला. कोलामांच्या पोडाजवळ, त्यायच्या वस्तीजवळ, वाघीण पिल्लं घेऊन फिरून राह्यली, म्हणून आज मुकुटबनले जनजागृती सभा. साहेब बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली. खुर्च्यांवर दुकानदार न् आमचाच स्टाफ. पोडावरचं एकही माणूस नाही. मोहफूल वेचणं सुरू आहे, सकाळचं कोण येईल?

२० मार्च
पोडावर गेलती. खाकी पाहून बायका कुऱ्हाडी लपवायले पळाल्या. म्हातारी भीमाबाई तेवढी ओट्यावर बसून. तिची सून लक्ष्मी मराठी बोलते. म्हणे, "म्याडम, तुमी आल्या का आमचं काहीतरी जाते."
खोटं नाही.

२१ मार्च
साडी नेसून गेली. बोलली, तं बायका नुसत्या पाहत. लक्ष्मी म्हणे, "व्याघ्र-व्याघ्र काय करता? आमच्या कोलामीत पुल म्हना." पुल म्हटलं न् सगळ्या एकदम बोलाले लागल्या. कुठं दिसली, कोणत्या नाल्यावर, लक्ष्मी मराठीत सांगत गेली. ठरलं: अंधारात मोह वेचायचा नाही, मिळून जायचं.
आमच्या बंजारा तांड्यावर कोणी साहेब असं गोरबोलीत बोलला असता तं...

२४ मार्च
साहेबाले म्हटलं, भोंगा कोलामीत फिरवू, लक्ष्मीच्या आवाजात. बायकांसोबत सकाळी आपली माणसं देऊ.
"मराठी सगळ्यांना कळते. उद्या गोंडीत मागाल, परवा तुमच्या बंजारीत." हसले.
मीही हसली. कायले हसली?

२९ मार्च
भीमाबाई गेली. भर उजेडात, बायकांच्या घोळक्यात. वाकून फुलं वेचत होती. मी सांगितलं तसंच सगळं केलतं तिनं. लक्ष्मीनं ओरडून, दगडं मारून वाघीण हाकलली, पण...
मी पोचली तं बायका तिची टोपली उचलून पोडाकडे निघाल्या.

२ एप्रिल
पिंजरा लावला. जंगल बंद. पोडाच्या वाटेवर मराठीत पाटी. आत झाडांखाली मोह सडून राह्यला, वास इथवर येते. पाटीजवळ ड्यूटी माझीच.
याडीचा फोन आलता. आई म्हणून तिले सांगावं वाटलं. नाही सांगितलं.

५ एप्रिल
लक्ष्मी आलती, रिकामी टोपली घेऊन.
"वाघीण धरली तं आमाले आत सोडसान?"
साहेबाले फोन लावला. "वरून आदेश येऊ द्या."
तिले तेच सांगितलं. म्हटलं, ऊन आहे, सावलीत बस.
बसली नाही. गेलीही नाही.