सुनावणीची गरज नाही

कोळीवाडा, रेवदंडा
९ फेब्रुवारी २०२५

चि. पियूष यास अ. आ. हे आशीर्वाद आईचे आहेत, मी नुसते पोचवते आहे.

तुझा फोन मी उचलत नाही आणि उचलणारही नाही. फोनवर तू साहेबासारखी समजूत घालतोस आणि मला रडू येतं, म्हणून लिहायला बसले.

आईचे दोन्ही हात बांधलेले आहेत. गेल्या आठवड्यात ओहोटीला ती नेहमीसारखी खाडीच्या चिखलात शिवल्या-तिसऱ्या काढायला बसली. पाणी तांबूस होतं, उग्र वास येत होता. शेजारची भागुबाई उठून गेली. आई उठली नाही, टोपली अर्धीच भरली होती. घरी येईपर्यंत बोटांची साल सुटली होती. रसायनाने भाजलंय, असं डॉक्टर म्हणाले. सदाकाकांच्या जाळ्यात त्या दिवशी मासळी आली ती मेलेलीच.

वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्याने नवा विभाग चालू केला, हे आम्हाला असं पाण्यावरून कळलं. आम्ही बायका अलिबागच्या कचेरीत गेलो. तिथला अधिकारी राहुल भला मुलगा आहे. त्याने आम्हाला बसवलं आणि सांगितलं, की जुन्या आवारात कारखाना वाढवायचा तर आता जनसुनावणी लागत नाही. प्रदूषण होणार नाही असं मालकाने स्वतःच लिहून दिलं की झालं. मुंबईचा आदेश आल्याशिवाय त्याला तपासायलाही जाता येत नाही. हा नियम केला कोणी, असं भागुबाईने विचारलं. मी कोण हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. म्हणाला, मंत्रालयातल्या पियूष साहेबांनी. गेल्या उन्हाळ्यात अलिबागला येऊन कारखानदारांना तो दुपारभर समजावून गेले.

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. अलिबागपर्यंत येऊन तू घरी आला नाहीस, हे मला तिथे, चार बायकांच्या देखत कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. आज मला ते जमत नाही.
क्रांती

मुंबई
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून झोप उडाली. आईला इकडे घेऊन ये, चांगल्या डॉक्टरांना दाखवू. अलिबागला आलो तेव्हा गाडीत वरिष्ठ होते, वाट वाकडी करता आली नाही. तुला हे कारण पटणार नाही, मला ठाऊक आहे.

पण ताई, तू बाबांचा बर्फाचा कारखाना विसरलीस का? त्या एका परवानगीसाठी ते किती वर्षं बाकावर बसले? या टेबलावरून त्या टेबलावर, दर खेपेला नवा दाखला. शेवटी परवानगी आली तेव्हा यंत्रं गंजली होती आणि बाबा खाटेला खिळले होते. मी या खात्यात आलो तो ते डोळ्यांपुढे ठेवून. कागद कमी व्हावेत, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, एवढंच मी केलं. खोटं लिहून देणाऱ्याला जबर दंड आहे.

तपासणीचा प्रस्ताव वर पाठवला आहे, थोडा धीर धर. एक विनंती. तुमच्या तक्रारीत माझं नाव येऊ देऊ नकोस. या वर्षी माझी बढती आहे.

तुझ्या रागाखाली थोडा लोभ उरला असेल, तोही पुरे.
तुझा पियूष

रेवदंडा
२३ फेब्रुवारी २०२५

चि. पियूष यास,

आईला सगळं सांगितलं. आशीर्वाद पाठवू का म्हणून विचारलं, तर ती उठून आत गेली. म्हणून या खेपेला तेही नाहीत.

बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. त्यांना छळलं ते टेबलावरच्यांनी. गावाने काय केलं ते आठव. बर्फाच्या कारखान्याच्या सांडपाण्याचा पाइप कालवांच्या खडकावर नको, असं सदाकाका भर बैठकीत म्हणाले. बाबा फणफणले, जेवले नाहीत, आणि सकाळी गडी घेऊन पाइप दुसरीकडे वळवला. त्यांना लोकांचं ऐकायला कधी जड गेलं नाही. तू टेबलं तशीच ठेवलीस आणि लोकांना तेवढं काढून टाकलंस. वर बाबांसाठी केलं म्हणतोस.

आता बढतीचं. आम्ही अलिबागच्या वकीलबाई जागृती यांच्यातर्फे कोर्टात जातो आहोत. पहिलं नाव आईचं आहे. काल तिला कागदावर अंगठा द्यायला नेलं. हाताची पट्टी सोडली, अंगठा शाईत बुडवला, तर नुसता काळा डाग आला. रेषाच राहिलेल्या नाहीत. कारकुनाने पुन्हा घ्यायला लावला, पुन्हा डागच. मग तो म्हणाला, ही बाई मनुबाईच आहे असं ओळखीच्या कोणीतरी लिहून सही करावी लागेल. मी पेन घेतलं. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू थांब. माझा पोर सरकारात हाय. मी कोण ती त्यालाच सांगू दे."

सोमवारी, ३ मार्चला, कोर्टात आम्ही अकराला असू. पुढे तुझी मर्जी.
क्रांती

मुंबई
२७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोमवारी भाऊच्या धक्क्यावरून पहिल्या लाँचने रेवसला उतरतो, तिथून रिक्षाने कोर्टात. वरिष्ठांना सांगितलं. सही केलीस तर या टेबलावर राहणार नाहीस, म्हणाले. सहीखाली हुद्दा लिहावा लागतो. मी तो लिहिणार आहे.

आईला सांग, पोर येतोय.
पियूष

रेवदंडा
२० एप्रिल २०२५

चि. पियूष यास अ. आ. आईचे आहेत, आणि माझेही.

नव्या जागी रुजू झालास हे कळलं. इकडे कोर्टाने कारखान्याचा नवा विभाग बंद ठेवायला सांगितला, लोकांचं म्हणणं ऐकेपर्यंत. सुनावणी शाळेच्या पटांगणात आहे. तुझा नियम मात्र बाकी सगळ्यांना तसाच लागू आहे, आणि त्या रागाने माझं जेवण गोड लागत नाही.

आईच्या हातांवर नवी कातडी आली. परवा ती हट्टाने ओहोटीला गेली. मी काठावरून बघत होते. चिखलात हात घालायची, काहीतरी उचलायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि टाकून द्यायची. दगड कुठला आणि शिवली कुठली, ते बोटांना कळेना. पाणी चढायला लागलं तशी उठली. टोपली धुतली, उपडी घातली आणि मला म्हणाली, सुनावणीत पहिली मी बोलणार.

तू ये. व्यासपीठापाशी थांबू नकोस, खाली आमच्यात बस.
तुझी ताई