एकच चढ

आबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण घोडेगावच्या बाजारातला एक दिवस सध्या सारखा समोर येतो. दोन बैलांतला एक घ्यायचा होता. तुम्ही घरच्या बैलाच्या जोडीला आधी एक जुंपून भरली गाडी चढावर नेलीत. मग गाडी खाली आणली, घरच्या बैलाला पाणी पाजलं, दम खाऊ दिला, आणि त्याच ओझ्याला, त्याच चढावर दुसरा जुंपला. व्यापारी हसला, "पाव्हनं, बैल घेताय का पोरगी बघताय?" "पोरगी बघाया चढ न्हाई लागत," तुम्ही म्हणालात. मी कॉलेजातला, कंटाळून घड्याळ बघतोय. तुम्ही मला म्हणता, "एकाला चढ अन् दुसऱ्याला उतार दिला, तर बैल कळत न्हाई. रस्ता कळतो."

आता मी कॉम्प्युटरवर रांगांचे नमुने करतो, म्हणजे रांग कशी चालेल हे आधी कल्पनेतल्या दिवसांवर चालवून बघतो. गेल्या हंगामात कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याचं काम आलं. भरल्या गाडीचं वजन, ऊस उतरवणं, रिकाम्या गाडीचं वजन, अशा एकापुढे एक तीन रांगा. बैलगाड्यांची रांग वेगळी ठेवायची, की ट्रॅक्टरबरोबर एकच करायची, एवढाच प्रश्न. वाहनं कधी येतील, वजनकाटा कधी बंद पडेल, हे नमुन्यात फासे टाकल्यासारख्या नशिबाच्या आकड्यांवर ठरतं. म्हणून दोन्ही पद्धतींना तेच आकडे, तेच दिवस द्यायचे; नशीब दोन्हीकडे सारखं झालं की उरतो तो पद्धतीतला फरक. हे मी इतरांना शिकवतो. पण घाई होती. मी दोन्हींना वेगवेगळे दिवस दिले, तेही थोडेच. एकच रांग या पद्धतीच्या वाट्याला कमी गर्दीचे दिवस आले, आणि मी लिहून दिलं, एकच रांग बरी.

त्याच हंगामात, एकच रांग सुरू झाल्यावर, कारखान्याच्या यार्डात गेलो. एक गाडीवान बैलाच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होता. "सायेब, सकाळधरनं उभा हाय. ही एक रांग कुनी काढली?" मी म्हणालो, "वरून आलंय." त्यानं आभाळाकडे बोट केलं. "वरून म्हंजी, देवाकडनं का?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन दोन्ही पद्धतींना तेच दिवस दिले. वेगळी रांगच सरस ठरली. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडवेनात.

दुसरा अहवाल दिला, रांगा पुन्हा वेगळ्या झाल्या. त्यात मी लिहिलं, 'सुधारित माहितीच्या आधारे'. माहिती तीच होती, आबा. चूक माझी होती. हे वाक्य मी पहिल्यांदा इथंच लिहितोय, कारण तुम्ही आता कुणाला सांगणार नाही.